गावात आमचं एकच ख्रिस्ती घर, सगळे विरोधात. धीर कसा धरावा?

ताई, खानापूरकडच्या गावात भाऊबंदांनी भातलावणीचा पैराही (एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबणं) तोडला, आता घरी प्रार्थना भरवायची भीती वाटते, असं तुम्ही लिहिलंय.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ४ काढून बसा. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान यांना यहुदी न्यायसभेने धमकावून सोडलं. ते थेट आपल्या माणसांकडे गेले, झालेलं सगळं सांगितलं आणि मग सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली. त्या प्रार्थनेत 'विरोधकांचा नायनाट कर' असं कुठेही नाही. धमक्या देवापुढे ठेवल्या आणि देवाचं वचन सांगायला धैर्य मागितलं. पेत्रासारख्यालाही धैर्य मागावं लागलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

तेव्हा एकटीने सोसू नका. खानापूर-बेळगावच्या मंडळीतल्या दोघातिघांना घरी बोलवा, पाळकांच्या कानावर घाला. धर्म पाळायचा हक्क राज्यघटनेच्या कलम २५ ने दिलाय. कुणी अंगावर आलं तर पोलिसांत लेखी तक्रार द्या, पोच घ्या. त्याने विश्वास उणा पडत नाही, प्रेषित पौलानेही फटक्यांच्या वेळी आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं होतं. आणि लावणीला भाऊबंदांच्या शेतात माणसं कमी पडली, तर न बोलावता जा.