बहुसांस्कृतिक समाजाचे फायदे आणि तोटे नेमके कुठून येतात?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. एक, बहुसांस्कृतिक समाजाचे फायदे-तोटे काय. दोन, शाळा किंवा ऑफिस चालवणाऱ्याकडे कुणी 'आमच्या रीतीप्रमाणे सूट द्या' म्हणून आलं तर त्यानं काय करावं. पहिल्या भागाचं उत्तर सहसा दोन रकान्यांत दिलं जातं: एकीकडे सण, संगीत, नवे विचार, दुसरीकडे भांडणं आणि भाषेची अडचण. मला हे रकाने फारसे कामाचे वाटत नाहीत, कारण एकच व्यवस्था एका देशात फायद्यात जाते आणि दुसऱ्या देशात अंगाशी येते. बघायचं ते हे की वेगवेगळी माणसं कुठे आणि कोणत्या नात्यानं एकमेकांसमोर येतात, आणि सवलत दिली तर ती माणसाच्या हातात पडते की त्याच्या समूहाच्या पुढाऱ्याच्या.

आधी एक घोळ निस्तरू. अनेक संस्कृतींची माणसं एका देशात राहणं ही वस्तुस्थिती झाली. त्याबद्दल सरकारनं ठरवून काही करणं हे धोरण. वादात दोन्ही एकाच शब्दाखाली ढकलले जातात. कॅनडात ८ ऑक्टोबर १९७१ रोजी पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी संसदेत असं धोरण जाहीर केलं. त्यात चार गोष्टी होत्या: संस्कृती टिकवू इच्छिणाऱ्या समूहांना मदत, समाजात पूर्ण भाग घेण्याच्या आड येणारे अडथळे दूर करणं, समूहांमधली देवाणघेवाण, आणि नव्यानं आलेल्यांना इंग्रजी किंवा फ्रेंच शिकायला मदत. टीकाकार आणि समर्थक दोघांनाही पहिलीच तेवढी आठवते. माझ्या मते धोरण तगलं ते बाकीच्या तिघींच्या जोरावर.

जर्मनीची गोष्ट याच्या उलट. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी तुर्कस्तानशी करार करून तिथले कामगार आणले आणि त्यांना नाव दिलं 'पाहुणे कामगार'. पाहुणा परत जाणार, मग त्याला भाषा कशाला शिकवायची, असा हिशेब होता. १९७३ मध्ये भरती बंद झाली तेव्हा हिशेब उलटा पडला: एकदा परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे ओळखून अनेकांनी बायकामुलांनाच बोलावून घेतलं. परदेशी आईबापांच्या, तिथेच जन्मलेल्या मुलांना जन्मानं नागरिकत्व मिळण्याची वाट, तीही अटींसह, १ जानेवारी २००० पासून उघडली. भाषेचे देशभर रीतसर वर्ग सुरू व्हायला २००५ उजाडलं. त्यात भाषेचे साधारण ६०० तास असतात आणि वर कायदे, इतिहास, व्यवहार यांचे तास. २०१० मध्ये तेव्हाच्या चान्सलर अंगेला मेर्केल म्हणाल्या की बहुसांस्कृतिकतेचा प्रयोग पार फसला. पण तो प्रयोग राष्ट्रीय पातळीवर कधी झालाच नव्हता. चाळीसेक वर्षं काहीच न करण्याचं ते फळ होतं.

आता फायदे. सगळ्यात भक्कम फायदा ज्ञानाचा, आणि तो मोजलेला आहे. १६८५ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं. त्याच वर्षी बर्लिनभोवतालच्या ब्रांडेनबुर्ग राज्याचा शासक फ्रीडरिश विल्हेल्म यानं पॉट्सडामला हुकूम काढून या ह्युगनो लोकांना आपल्याकडे बोलावलं. सुमारे २० हजार आले. त्यांना करात सूट मिळाली, स्वतःची चर्च, शाळा आणि न्यायालयंही मिळाली. त्यांच्यासाठी बर्लिनमध्ये १६८९ मध्ये निघालेली शाळा आजही चालू आहे. अर्थशास्त्रज्ञ एरिक होर्नुंग यांनी १८०२ च्या आसपासच्या कापड कारखान्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ह्युगनो जास्त वसलेल्या गावांतली उत्पादकता शंभर वर्षांनंतरही वरचढ निघाली. इथे लगेच शंका येते की हे लोक आधीच भरभराटीच्या गावी गेले असतील. पण पुष्कळ जणांना वसवलं होतं ते सतराव्या शतकातल्या 'तीस वर्षांच्या युद्धा'त ओस पडलेल्या गावांत. म्हणजे नशीबवान गाव निवडण्याची फारशी संधी त्यांना नव्हती. विणकामातली कसबं त्यांच्याबरोबर आली आणि स्थानिकांपर्यंत पोचली.

दुसरा पुरावा अलीकडचा. नाझी राजवटीत जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत गेले. त्यांच्या खास विषयांत अमेरिकी संशोधकांची पेटंटं ३१ टक्क्यांनी वाढली, असा हिशेब अर्थशास्त्रज्ञ पेट्रा मोझर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडला. त्यातली बारीक गोष्ट अशी की वाढ मुख्यतः त्या विषयांत नव्यानं उतरलेल्या अमेरिकी लोकांमुळे झाली. आधीपासून तिथे काम करणाऱ्यांचा वेग तितकासा बदलला नाही. कार्यशाळा असो की प्रयोगशाळा, फायदा बाजूला बसून शिकणाऱ्याला झाला. भिंतीपलीकडच्याला तो होत नाही.

तोट्यांत पहिला परस्परविश्वासाचा. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम यांनी २००७ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ३० हजार लोकांच्या उत्तरांवरून मांडलं की जास्त मिश्र वस्तीत लोक परक्यांवरच काय, स्वतःच्या समूहातल्या शेजाऱ्यांवरही कमी विश्वास ठेवतात. कासवासारखे अंग आत ओढून घेतात. यावर बराच गदारोळ झाला. २०२० मध्ये ८७ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात परिणाम खरा, पण लहान दिसला, आणि सगळ्यात ठळक शेजाऱ्यांवरच्या विश्वासाबाबत. तेव्हा 'काही होत नाही' म्हणणाराही चूक आणि 'समाज मोडतो' म्हणणाराही.

दुसरा तोटा वस्त्या वेगळ्या पडण्याचा. त्याला द्वेष लागतोच असं नाही. अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये दाखवलेला प्रयोग घरी करता येतो. ८ बाय ८ घरांचा पट घ्या. दोन प्रकारची मिळून ४५ नाणी त्यावर कशीही पसरा, बाकीची घरं रिकामी ठेवा. नियम एकच: आजूबाजूच्या आठ घरांत जी नाणी असतील त्यातली निदान एक तृतीयांश आपल्या प्रकारची हवीत, नाहीतर ते नाणं उचलून जवळच्या सोयीच्या रिकाम्या घरात ठेवायचं. म्हणजे दोन तृतीयांश शेजारी वेगळे असले तरी नाणं खूश आहे. याहून सहिष्णु माणूस शोधून सापडायचा नाही. तरी काही फेऱ्यांत पटावर दोन्ही प्रकारांचे वेगळे पुंजके होतात. कारण एक नाणं हललं की त्यानं सोडलेल्या आणि धरलेल्या, दोन्ही जागांचा समतोल बिघडतो आणि पुढच्याला हलावं लागतं.

वस्ती वेगळी झाली की शाळा वेगळी होते, शाळा वेगळी झाली की मैत्री, नोकरीची खबर, लग्न सगळंच. २००१ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये ओल्डम, बर्न्ली आणि ब्रॅडफर्डला वांशिक दंगली झाल्या. त्यानंतर टेड कँटल यांच्या समितीनं अहवालात शब्द वापरला 'समांतर आयुष्यं': एकाच शहरात राहून एकमेकांना कुठेही न शिवणारी.

सिंगापूरनं या घसरणीला कायद्यानं पाचर मारली. तिथले सुमारे ८० टक्के रहिवासी सरकारनं बांधलेल्या घरांत राहतात, म्हणून हे जमलं. १९८९ पासून प्रत्येक इमारतीत आणि परिसरात चिनी, मलय आणि 'भारतीय व इतर' यांना कमाल मर्यादा आहे. सुरुवातीला परिसरात ती अनुक्रमे ८४, २२ आणि १० टक्के होती, इमारतीत ८७, २५ आणि १३. २०१० मध्ये शेवटच्या गटाची मर्यादा दोन-दोन टक्क्यांनी वाढवली. मिसळण झाली, पण किंमत कुणी मोजली ते पाहा. चिनी लोकांची मर्यादा भरलेल्या इमारतीतल्या अल्पसंख्य मालकाला घर विकायचं तर चिनी ग्राहक चालत नाही. मग चिनी नसलेला शोधावा लागतो. ग्राहक थोडे, म्हणून वेळ जास्त आणि भाव कमी. ही तक्रार इतकी खरी होती की २०२२ मध्ये सरकारनं अशा अडकलेल्या काही मालकांची घरं स्वतः परत विकत घेण्याची सोय केली. शिवाय प्रत्येकाला वंशाच्या एका खान्यात बसावंच लागतं. मिश्र आईबापांच्या मुलांना दोन्ही वंशांची जोडनोंद करायला परवानगी मिळाली, पण घरांच्या हिशेबात मोजला जातो तो त्यातला पहिला भाग.

नुसतं शेजारी राहूनही भागत नाही. संपर्कानं पूर्वग्रह कमी व्हावा यासाठी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये चार अटी सांगितल्या होत्या: दोघांचा दर्जा सारखा, ध्येय एक, ते गाठायला एकमेकांची गरज, आणि वरच्या अधिकाऱ्याचा उघड पाठिंबा. २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासले गेले. संपर्कानं पूर्वग्रह सरासरी कमी होतो आणि या अटी पाळल्या तर आणखी कमी होतो, असं निघालं. म्हणून 'आपापल्या पोशाखात या' छापाचे सांस्कृतिक दिवस मला जवळजवळ वाया गेलेले वाटतात. त्यात माणूस नमुना म्हणून उभा राहतो. चार जणांना मिळून एक नाटक उभं करायला किंवा एक सामना जिंकायला लावा, काम होतं.

तिसरा तोटा सगळ्यात गंभीर आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा: समूहाला दिलेली ताकद समूहातल्याच दुबळ्यावर चालते. राजकीय तत्त्वज्ञ विल किमलिका यांनी यासाठी चांगली फोड केली आहे. बाहेरच्या बहुसंख्यांपासून समूहाला संरक्षण देणं वेगळं आणि समूहाला आपल्या माणसांवर बंधनं लादू देणं वेगळं. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात १९९१ च्या लवाद कायद्यामुळे कौटुंबिक तंटेही धर्माच्या नियमांनी सोडवून तो निवाडा न्यायालयातून अमलात आणता येत होता. काही ज्यू कुटुंबं तसं करतही होती. २००३ च्या शेवटी शरियतवर आधारलेल्या लवादाची घोषणा झाली आणि वाद पेटला. विरोधात पुढे होत्या त्यात अनेक मुस्लिम स्त्रिया होत्या. त्यांचा मुद्दा साधा होता: सहमतीनं लवाद निवडला असं कागदावर असतं, पण ज्या बाईला भाषा येत नाही, हातात पैसा नाही आणि नाही म्हटलं तर सगळा गोतावळा तुटतो, तिची सही सहमती कशी? २००४ च्या अहवालानं जास्तीच्या अटी घालून चालू ठेवा असं सुचवलं. सरकारनं ते न ऐकता २००५ मध्ये सगळ्याच धर्मांचे असे कौटुंबिक लवाद बंद करायचं जाहीर केलं आणि २००६ मध्ये तसा कायदा केला. माझ्या मते बरोबर केलं.

बोस्नियात हाच दोष थेट राज्यघटनेत बसला. १९९५ च्या डेटन करारानं युद्ध थांबवलं, ही मोठीच गोष्ट. पण अध्यक्षमंडळात एक बोस्नियाक (बोस्नियातला मुस्लिम), एक क्रोएट, एक सर्ब असं लिहून टाकल्यामुळे रोमा किंवा ज्यू नागरिकाला उभंच राहता येईना. युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं २००९ मध्ये याला भेदभाव ठरवलं. तरी दशक उलटून गेलं आणि तरतूद तशीच राहिली, कारण ती बदलायची ज्यांनी तेच तिच्यावर निवडून येतात.

आता तुमचा दुसरा भाग. मागणी आली की आधी 'हो' किंवा 'नाही' म्हणू नका, तिचे तुकडे करा. मागतंय कोण: तो माणूस स्वतः की त्याच्या वतीनं दुसरा? दुसरा असेल तर त्या माणसाशी एकट्याशी बोला. किंमत कुणावर पडते? ब्रिटननं १९७६ मध्ये पगडीधारी शिखांना मोटरसायकलवर हेल्मेटमधून सूट दिली. धोका प्रामुख्यानं चालवणाऱ्याचा स्वतःचा, म्हणून देणं तुलनेनं सोपं गेलं. तीच सूट दुसऱ्याच्या सुरक्षिततेला धक्का लावत असेल तर प्रश्न वेगळा. मग विचारा, नियमामागचा हेतू दुसऱ्या मार्गानं साधतो का?

या शेवटच्या प्रश्नाचा नमुना कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल. क्वेबेकमधल्या एका शीख विद्यार्थ्याला शाळेत कृपाण हवं होतं आणि शाळा मंडळाचा नियम होता शस्त्र नको. सरसकट बंदी टिकली नाही, पण सरसकट परवानगीही नव्हती. कृपाण कपड्यांच्या आत, म्यान लाकडी, म्यानावर जाड कापडाचं शिवलेलं आवरण, ते आवरण पट्ट्याला शिवलेलं, शाळेला तपासण्याचा अधिकार, आणि हरवलं तर लगेच कळवायचं. सगळा वाद 'धर्म की सुरक्षा' असा चालला होता. सुटला तो टाक्यांवर.

भाषेची सोय ही मात्र मी सवलतीत धरतच नाही. तिच्याशिवाय तुमचंच काम होत नाही. सगळ्यात मोठी चूक म्हणजे मुलाला दुभाषी करणं. आईचा आजार सांगताना मूल लाजेनं गाळतं, घाबरून सौम्य करतं आणि शाळेच्या तक्रारीत तर सरळ आपल्या सोयीचं सांगतं. बाहेरचा दुभाषी घ्या आणि वेळ जवळपास दुप्पट धरा. त्याला समोरच्याच्या किंचित मागे, बाजूला बसवा. बोलताना डोळे समोरच्याकडे ठेवा आणि 'त्यांना विचारा' न म्हणता थेट 'तुम्हाला' म्हणा. दोन वाक्यांवर थांबा. शेवटी समोरच्यालाच काय ठरलं ते त्याच्या शब्दांत सांगायला लावा. गफलत झाली असेल तर इथेच कळते.

जी सूट द्याल ती लेखी द्या. नावानं, कारणासकट, आणि वर्षभरानं पुन्हा बघण्याची तारीख घालून. 'अमुक समाजासाठी' असं लिहू नका. 'ज्याला हवी असेल त्याला' असं लिहा, म्हणजे त्याच समाजातल्या ज्या मुलीला ती नको असेल तिला कुणाची परवानगी काढावी लागत नाही.