आधी आकडा ठरव

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

पगार वाढूनही महिनाअखेर ओढाताण होते, देवाला द्यायचा दशांश, म्हणजे दहावा भाग, हातात येणाऱ्या पगारावर काढायचा की कपातीच्या आधीच्या, भावाला पाठवत राहिलं तर स्वतःचं घर कधी होणार, आणि फोनवरचा तो उपदेशक म्हणतो त्याप्रमाणे त्याला देणगी पाठवून ‘बी पेरलं’ तर खरंच शंभरपट मिळतं का. एवढं सगळं तू एका दमात विचारलंस. रात्रपाळीहून येऊन लिहिलेलं दिसतंय, अक्षर सांगतं. तुझी दमणूक मला कळते. पण किती द्यायचं हे चार पानं विचारणाऱ्या मुलीने आपल्याला किती लागतं हे एका ओळीतही लिहिलेलं नाही, आणि सगळा गुंता तिथेच आहे.

आधी तो आकडा ठरव. खोलीचं भाडं, किराणा, बसचा पास, आईची औषधं, कपडेलत्ते, अडीनडीला बाजूला ठेवायचे पैसे, सगळं धर. पोटाला चिमटा काढू नको, वॉर्डात बारा तास उभी असतेस. बेरीज कागदावर लिही, खाली तारीख घाल. पगार वाढला म्हणून हा आकडा वाढवायचा नाही. महागाई वाढली किंवा घरात माणूस वाढलं, तरच त्याला हात लावायचा.

मेथडिस्ट पंथ सुरू करणारे जॉन वेस्ली यांनी एका प्रवचनात ऑक्सफर्डच्या एका तरुणाचा हिशेब सांगितला आहे. तो त्यांचा स्वतःचाच, असं मानतात. पहिल्या वर्षी मिळकत ३० पौंड. २८ मध्ये भागलं, २ गरिबांना दिले. दुसऱ्या वर्षी ६० मिळाले. खर्च २८, दिले ३२. तिसऱ्या वर्षी ९० आणि चौथ्या वर्षी १२०, तरी खर्च २८ च, आणि त्या चौथ्या वर्षी गरिबांकडे गेले ९२. दहावा भाग काढत बसला असता तर १२ देऊन समाधानाने झोपला असता. म्हणून तुझ्या दशांशाच्या प्रश्नावर मी वेळ घालवणार नाही. कपातीच्या आधीच्या पगारावर काढ आणि विषय संपव. दशांश ही सुरुवात आहे. खरा प्रश्न उरलेल्या नऊ भागांचा आहे, आणि त्याचं उत्तर आकडा ठरल्याशिवाय कुणालाच देता येत नाही, पाळकांनाही नाही.

‘थोडं स्थिरस्थावर झाले की मोकळ्या हाताने देईन,’ असं लिहिलंस. हे वाक्य वाचून मला राग आला, लपवत नाही. मंडळीत जन्मभर हे वाक्य ऐकत आले. ज्यांनी ते म्हटलं त्यांचे बंगले झाले, मुलं परदेशी गेली, आणि अजून ते स्थिरस्थावर व्हायचेच आहेत. होणार कसे? कुठे थांबायचं हे ठरवलंच नव्हतं.

आणि त्या उपदेशकाला एक रुपया पाठवू नको. यरुशलेममधल्या गरिबांसाठी प्रेषित पौल वर्गणी गोळा करत होता, तेव्हा मासेदोनियातल्या मंडळ्यांनी स्वतः कमालीच्या दारिद्र्यात असून दिलं. बायबलमधलं करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय काढून वाच. त्यांना पुढे शंभरपट मिळाल्याचं पौल कुठेही लिहीत नाही. फिलिप्पैची मंडळी त्याच मासेदोनियातली. पौल कैदेत असताना त्यांनी त्याला देणगी पाठवली, आणि तिची पोच देताना तो लिहितो की आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. आपण ते वचन चौकटीत घालून भिंतीवर लावतो. ते देणगीच्या पोचेत आलं आहे हे विसरतो. घेणारा कैदेत, देणारे गरीब, आणि समाधानाची गोष्ट त्या दोघांमध्ये चालली आहे.

आपल्या केडगावच्या मुक्ती मिशनचं बघ. अमेरिकेतल्या मंडळाने ते उभं करणाऱ्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाला, म्हणजे विधवांसाठीच्या शाळेला, दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं. ती मुदत संपत आली होती, तेव्हाच १८९६ चा दुष्काळ पडला. मुदतीनंतर काय, हे ठाऊक नसताना बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते. त्या स्थिरस्थावर व्हायची वाट बघत बसल्या असत्या तर त्या मुलींचं काय झालं असतं?

माझ्याबद्दल लोक काय म्हणतात ते तुझ्या कानावर असेल. पाचवा वेतन आयोग लागू झाला तेव्हा शाळेतल्या बहुतेकांनी सावेडीकडे प्लॉट घेतले. मी आमचा आकडा हलवला नाही. वाढलेला पगार मुलींच्या नर्सिंगच्या फीला गेला. त्यांची नावं कुणाला सांगितली नाहीत, तुलाही सांगणार नाही. ह्यांना मात्र स्वतःचं अंगण हवं होतं. पेरूचं झाड कुठे लावायचं तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. ते भाड्याच्या घरातच गेले. ह्याची खंत आहे, आणि ती जाणार नाही. मुलगा अजून प्लॉटचे भाव ऐकवतो. मी त्याला सांगते, अरे, तुझं शिक्षण अडलं का? आजारपणात तुझ्या वडिलांना काही कमी पडलं का? मग कमी कुठे पडलं ते दाखव. तो गप्प बसतो, पण त्याला पटत नाही हे मला कळतं. न पटू दे. आज पुन्हा तो पगार हातात आला तरी मी तसंच करीन. फक्त आकडा ठरवताना ह्यांना शेजारी बसवीन आणि त्यात पेरूच्या झाडापुरती जागा धरीन. म्हणून तुला सांगते, एकटी बसून ठरवू नको. पुढे लग्न झालं की दोघांनी मिळून नव्याने मांडा.

राहिला भाऊ. इतरांचा भार हलका व्हावा म्हणून तू चिरडून जावंस असं पौल म्हणत नाही. समानता असावी, असं तो करिंथकरांसच्या त्याच आठव्या अध्यायात म्हणतो. भावाच्या मुलांची फी थेट शाळेत भर. ती उसनी म्हणून देऊ नको, नाहीतर सणासुदीला दोघं एकमेकांची तोंडं चुकवाल. पण त्याच्या नव्या मोटरसायकलचा हप्ता तुझ्या यादीत बसत नाही, आणि हे त्याला स्पष्ट सांगायला आकडा हातात हवा. नाहीतर तू दर वेळी रडशील आणि दर वेळी पाठवशील.

पगार सात तारखेला होतो ना? त्याआधी कागद करून मला पाठव. हिशेब तपासून देते, लाल पेन अजून आहे.

तुझी,
बाई