एका दिवशी एकच लेख

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. पुलंची ‘हसवणूक’ एका रविवारात संपवलीस, शेवटी शेवटी हसूच येईना, आणि आता आपल्याला विनोदच कळत नाही की काय म्हणून घाबरली आहेस. विनोद कळतो तुला. पण एका रविवारात? बासुंदी काय पातेल्याला तोंड लावून पितात?

एका दिवशी एकच लेख.

१९६८ सालचं पुस्तक ते. ‘बिगरी ते मॅट्रिक’मधल्या ‘बिगरी’लाच तू अडलीस, हे बरं झालं. पहिलीच्याही आधीचा वर्ग तो. अशा शब्दाशी थांबायचं, आजोबांना विचारायचं. ते आपल्या मास्तरांच्या गोष्टी काढतील, त्यात संध्याकाळ जाईल. जाऊ दे. म्हणून तर म्हणतो, एकच लेख.

‘मी आणि माझा शत्रुपक्ष’ तुला लोकांची टिंगल वाटली. परत वाच, आणि तेवढाच वाच. नवं बांधलेलं घर कौतुकाने दाखवणारा माणूस हास्यास्पद आहे, कबूल. पण त्याच्यामागून मुकाट फिरणारा कोण? ‘नको’ म्हणायची ज्याची छाती होत नाही, तो. पुलं स्वतःच्या भिडेला हसताहेत गं! घाईत नुसता घरवाला दिसतो.

मी कुठल्या तोंडाने सांगतोय म्हणशील. एकोणिसाव्या वर्षी हॉस्टेलवर हेच पुस्तक मी एका रात्रीत संपवलं आणि सकाळी ‘मी आणि माझी सायकल’ लिहायला बसलो. कॉलेजच्या अंकात छापून आलं. मित्र म्हणाले, अगदी पुलं! महिनाभर जमिनीवर पाय नव्हते. पुढे कधीतरी लक्षात आलं, त्या लेखात माझी सायकलच नव्हती. वडिलांनी ती हप्त्याने घेतली होती, शेवटचा हप्ता थकला होता, हे मी गाळलं. त्या सुरात ते बसेना. नंतर लिहिलंच नाही. नोकरी होती, बदल्या होत्या. सगळ्यांनी लिहिलंच पाहिजे असंही काही नाही. असो.

आणि पुलंची ती रेकॉर्डिंग्ज महिनाभर बंद ठेव. त्यांचा आवाज कानात असला की पुढचं हसू आधीच ठरलेलं असतं. उद्या ‘माझे खाद्यजीवन’, तुझ्या आवाजात, मोठ्याने. रात्री फोन करून कुठल्या वाक्याला हसलीस ते सांग. दुसरा लेख उघडलास असं कळलं तर परवा फोन उचलणार नाही.

तुझा,
काका