वर्गात मालिका दाखवताना

प्रश्न : नववीला मराठी आणि इतिहास-राज्यशास्त्र दोन्ही शिकवते. श्याम बेनेगल यांच्या 'संविधान' मालिकेचा एक भाग अख्खा दाखवला. मुलं शांत बसली, पण दुसऱ्या दिवशी कोणता नट कोण झाला होता एवढंच सांगता आलं. कुठे चुकलं?
– एक शिक्षिका, महाल, नागपूर

उत्तर : अख्खा दाखवला तिथेच. २०१४ साली राज्यसभा टीव्हीवर आलेल्या या मालिकेचे दहा भाग आहेत आणि एकेक भाग तासाभराच्या आसपास जातो. तासिका पस्तीस मिनिटांची, त्यात पाच मिनिटं वायरी जोडण्यात! सहा-सात मिनिटांचा एकच प्रसंग घ्या.

आणि आधी वाचायचं, मग बघायचं. डॉ. आंबेडकरांचं संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण घ्या : २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण पाऊल टाकणार आहोत, हा त्यातला भाग. मूळ इंग्रजी आहे. दहा-बारा ओळींचा मराठी अनुवाद करून आदल्या दिवशी वाटा आणि मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. दुसऱ्या दिवशी मालिकेतला तो प्रसंग एकदा न थांबवता दाखवा. पुन्हा दाखवताना थांबवत जा आणि वहीत तीन रकाने भरायला सांगा : सभेच्या अधिकृत वृत्तांतात काय, पडद्यावर काय, का बदललं असावं. खरा धडा तिसऱ्या रकान्यात आहे. संविधान सभेच्या वृत्तांतात सभागृहातलं बोलणंच नोंदलं जातं. व्हरांड्यातली कुजबुज किंवा घरातला संवाद दिसला, तर तो पटकथाकाराचा मानून चालायचं. हे एकदा कळलं की मुलं नटाऐवजी मजकूर बघू लागतात.

आता भाषेची मेख. नागपूरच्या मुलांना हिंदी येतं म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि नेमकं तिथेच घसरतं. हिंदीतलं 'संशोधन' म्हणजे आपली 'दुरुस्ती', शोधकार्य नव्हे. हिंदीत 'शिक्षा का अधिकार' ऐकून एखादा मुलगा दंडाचा हक्क समजला, तर त्याला हसू नका. असे पाच-सहा शब्द आधीच फळ्यावर लिहा. मराठीची तासिकाही त्यातच सत्कारणी लागते.

मार्चनंतर दाखवणार असाल तर पहिलीच तासिका घ्या. उन्हं चढली की पडद्यावरचं चित्र पुसट होतं, आणि कूलरच्या घरघरीत संवाद बुडतात. तेवढी सात मिनिटं तो बंद ठेवा. स्पीकर फळ्याखाली न ठेवता वर्गाच्या मध्यावर उंच ठेवा.

प्रश्न : साहित्यासाठी 'तमस' चालेल का?
– एक वाचक, वर्धा रोड

उत्तर : नववीला नको, अकरावीला चालेल, तोही निवडक. भीष्म साहनींच्या या कादंबरीवर गोविंद निहलानींची मालिका १९८८ मध्ये दूरदर्शनवर आली. कादंबरी नथ्थूच्या डुक्कर मारण्याच्या प्रसंगाने उघडते. ती पहिली पानं वाचून घ्या. त्याच्या मनातली घालमेल लेखक शब्दांत मांडतो, ती कॅमेऱ्याने कशी दाखवावी, हे मुलांना प्रसंग बघण्याआधी दहा ओळींत लिहू द्या. मग निहलानींनी काय केलं ते ताडून पाहता येतं. फाळणीची पार्श्वभूमी इतिहासाच्या शिक्षकांनी आधी सांगितलेली असावी आणि कुठल्याही एका समाजाला दोषी ठरवणारी चर्चा सुरू झाली तर तिथल्या तिथे मजकुराकडे परत या : हे कोणत्या पानावर आहे, दाखव.