मांजराची शुगर उतरत नाही, इन्सुलिनचा डोस मीच वाढवू का?

नका वाढवू. आज तर नकाच.

तुम्ही लिहिलंय की बोक्याला डायबेटिस निघून आठवडाही झालेला नाही. ग्लार्जिन (संथ चालणारं इन्सुलिन) १ युनिट सकाळ-संध्याकाळ चालू आहे, चार दिवस झाले तरी टोचायच्या आधीची शुगर ३५० ते ४०० येतेय आणि घरातले म्हणतायत, "२ करून टाक." ते 'घरातले' वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. आमच्याकडे घरातले म्हणजे माझा दादा.

दादाला पंधरा वर्षांचा डायबेटिस. स्वतःचं इन्सुलिन स्वतः टोचतो, जेवण बघून डोस वरखाली करतो, आणि ते त्याला उत्तम जमतं, हे कबूल. त्यामुळे माझ्या बंड्याला डायबेटिस निघाला (वय दहा, वजन आठ किलोवरून साडेसहावर आलेलं, पाण्याच्या भांड्यात सतत तोंड) तेव्हा आमच्याकडे तज्ज्ञ घरबसल्या हजर होता. "शुगर जास्त तर इन्सुलिन जास्त. यात कसलं आलंय शास्त्र?" डॉक्टरांनी १ युनिट सांगितलेलं, तर दादा हसलाच. त्याचा सकाळचा डोस २२.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आकडा आला ३९२. मी घाबरलेली. दादा समोरच बसलेला. "अगं, डोळे जातील त्याचे. दोन कर." डॉक्टरांना फोन करायला हवा होता. पण रविवार होता, आणि उगाच कशाला त्रास द्यायचा, असा आपला भिडस्तपणा. वर माझ्या सिरिंज संपल्या होत्या. दादाने त्याच्या डब्यातून एक काढून दिली. "इन्सुलिनचीच आहे, घे." लाल टोपीची. मी ट्यूबलाइटसमोर धरून, बुडबुडा टिचकीने वर घालवून, दट्ट्या अगदी २ च्या रेघेवर आणून ठेवला. इतकं काटेकोर काम मी आयुष्यात केलं नसेल. आठ वाजता टोचलं.

रात्री दीडला पाण्याच्या भांड्याचा आवाज आला. हा पितोय, झोपा. परत आवाज, पण घासल्यासारखा. उठून बघितलं तर बंड्याचं डोकं भांड्याच्या काठावर टेकलेलं, मागचे पाय फाकलेले, आणि पुढच्या पायांनी तो भांडंच ढकलत होता. बाहुल्या एवढ्या मोठ्या की डोळ्यात पिवळा रंगच उरला नव्हता. हाक मारली तर कान हलला नाही. कानाला टोचलं, मीटर म्हणालं ३१.

मध बोटावर घेऊन हिरड्यांना चोळला. तोंडात ओतायचा नाही हे मला माहीत होतं, मांजर शुद्धीत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं. दहा मिनिटांनी ४४, मग परत मध, मग ३८. ग्लार्जिन एकदा आत गेलं की तासन्‌तास झिरपत राहतं, बोटभर मधाने ते भागत नाही. टोपलीत घालून रात्रपाळीच्या डॉक्टरांकडे नेलं. दीड दिवस ग्लुकोजचं सलाइन. पहिले काही तास त्याला दिसतच नव्हतं, पिंजऱ्याच्या गजावर नाक आपटत होता. दृष्टी परत आली. सगळ्यांची येतेच असं नाही.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, सिरिंज आणलीय का? मी पर्समधून काढून दिली. त्यांनी ती दिव्याखाली फिरवून बघितली आणि काही न बोलता टेबलावर माझ्याकडे छापील बाजू करून ठेवली. यू-४०.

आता गणित बघा. ग्लार्जिन सहसा यू-१०० असतं, म्हणजे एका मिलिलिटरात १०० युनिट. लाल टोपीची सिरिंज यू-४० इन्सुलिनसाठी आखलेली असते. तिची एक रेघ म्हणजे मिलिलिटरचा चाळिसावा भाग. त्यात यू-१०० भरलं की '१' ला अडीच युनिट, आणि '२' ला पाच. बंड्याला मी अडीचपट डोस टोचला, तोही आधीच दुप्पट केलेला. यू-१०० ची सिरिंज सहसा नारिंगी टोपीची असते, पण टोपीच्या रंगावर विसंबू नका, नळीवरचं वाचा. मांजरासाठी ०.३ मिलिलिटरची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली मिळाली तर तीच घ्या. मांजराच्या डोसमध्ये अर्धा युनिट ही मोठी गोष्ट आहे. दादाच्या २२ मध्ये अर्ध्याने काय होणार!

तर घरात तेव्हापासून खटला चालू आहे. दादा म्हणतो, सिरिंज तू भरलीस. मी म्हणते, डोस तू वाढवायला लावलास. तो म्हणतो, खरे दोन युनिट गेले असते तर काही झालं नसतं.

नसतंही झालं कदाचित. पण मुळात वाढवायचंच नव्हतं, हा माझा मुद्दा, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तेच. टोचायच्या आधीचा आकडा हा बहुतेक वेळा दिवसातला सगळ्यात वरचा असतो, कारण मागच्या डोसचा जोर तेव्हा ओसरलेला असतो. डोस ठरतो तो सगळ्यात खालच्या आकड्यावर. टोचल्यावर मधल्या तासांत, बहुतेकदा चार ते आठ तासांच्या दरम्यान, शुगर तळाला जाते. तो तळ तुम्ही बघितलाय का? प्रश्नात कुठेच नाही. वरती ३८० आणि तळाला ९० असं मांजर असू शकतं. त्याला २ दिलं की काय होईल ते वर लिहिलंय. एक दिवस सुट्टी काढा, दर दोन तासांनी कान टोचा, बारा तासांचे आकडे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. तळ ८० ते १५० मध्ये असेल तर डोस आहे तोच राहतो. त्याच्या खाली गेला तर कमी करतात. ६० च्या खाली म्हणजे आणीबाणी. तळसुद्धा वरच असेल तर वाढवतात, पण तेही एका डोसवर पाच-सात दिवस काढल्यानंतर आणि अर्ध्या-एक युनिटने. ग्लार्जिनचा पूर्ण परिणाम दिसायला दिवस लागतात. चार दिवसांत निकाल लावायला निघालात तर तुम्ही माझ्या दादाचेच भाऊ.

दवाखान्यातला आकडा तर मनावरच घेऊ नका. नुसत्या भीतीने मांजराची शुगर ३०० च्या वर जाते, डायबेटिस नसलेल्याचीसुद्धा. म्हणून तर निदानाच्या वेळी फ्रुक्टोसामाइनची रक्ततपासणी करतात, त्यात मागच्या दोनेक आठवड्यांची सरासरी कळते.

कान टोचणं म्हणजे मुक्या जिवाचा छळ, असं वहिनी म्हणायची. बंड्या त्या वेळी घुर्र घुर्र करत मांडीवर बसायचा. कोमट पाण्यात पिळलेला रुमाल कानाला मिनिटभर धरायचा, मागे कापसाचा बोळा, आणि कडेला टोचायचं. थेंब येतो, तो स्ट्रिपला लावायचा, मग खाऊ. तिसऱ्या दिवसापासून मीटरचा डबा वाजला की तो स्वतःच यायचा.

आणि हो, माणसांचं मीटर मांजराचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. मांजराच्या रक्तात साखर जवळजवळ सगळी प्लाझ्मात असते, तांबड्या पेशींत फार थोडी, आणि माणसांची मीटरं माणसाच्या हिशोबाने बनलेली. प्राण्यांचं वेगळं मीटर मिळतं. (हे कळल्यावर दादा म्हणाला, "म्हणजे ३१ खरं नव्हतंच!" बरं, चाळीस होतं. मग?)

एक गोष्ट मी बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती, ती इथेच सांगून टाकते, कारण तुम्हीही करत असाल. त्याच आठवड्यात मी बंड्याचं कोरडं खाणं बंद करून कमी कर्बोदकांचं ओलं चालू केलं होतं. एका दिवसात, डॉक्टरांना न सांगता. खाणं बरोबरच होतं, पण कर्बोदकं कमी झाली की इन्सुलिनची गरजही उतरते, कधी कधी झपाट्याने. तेव्हा सिरिंज माझी, खाणं माझं, डोस दादाचा. मोजलं तर दोन-एक. हे त्याला सांगू नका.

पुढे डॉक्टरांनी काही दिवस इन्सुलिन बंद ठेवून अर्ध्या युनिटपासून परत सुरू केलं, आणि चौथ्या महिन्यात बंड्याचं इन्सुलिन सुटलं. सुटतं काही मांजरांचं, लवकर आणि नीट आटोक्यात आणलं तर शक्यता जास्त. पुन्हा उलटूही शकतं, म्हणून आठवड्याला एकदा टोचून बघते. दादाचं म्हणणं, त्या रात्रीच्या झटक्यानेच त्याचं स्वादुपिंड जागं झालं. यावर मी बोलणं सोडलंय.

तोंडाने द्यायच्या औषधाचं कुणी सुचवेल. अमेरिकेत २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिन मांजरांसाठी मंजूर झालं, पण आधी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठी. तुमचं सुरू झालंय, तेव्हा तो विषय सोडा.

मी डॉक्टर नाही, आणि हे सगळं ग्लार्जिनपुरतं. तुमची बाटली यू-४० वाली निघाली तर सिरिंजचं गणित उलटं होईल. टोचताना सुई केसांतून बाहेर आली आणि औषध गेलं की नाही कळलं नाही, तर परत टोचू नका. एक डोस चुकल्याने शुगर वाढते इतकंच, दोन पडले तर रात्री दीड वाजतो. खाल्लं नसेल किंवा टोचायच्या आधीच शुगर २०० च्या आत असेल तर आधी फोन, मग सुई. रविवार असला तरी. उलट्या, न खाणं, गळून पडणं असेल तर लघवीत किटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारी घातक द्रव्यं) बघायचे आणि तडक निघायचं, तिथे वहीबिही काही नाही.

तळाचे आकडे आले की इथे टाका. त्याआधी आत्ता उठून सिरिंजच्या नळीवर काय छापलंय ते वाचा आणि खाली लिहा.