दोन उन्हाळ्यांत दोन कॉम्प्रेसर गेले: दोष व्होल्टेजचा की कामाचा?

तुमचा दीड टनाचा, इन्व्हर्टर नसलेला स्प्लिट एसी, आणि त्याचे दोन कॉम्प्रेसर गेलेत. मेकॅनिक म्हणतो व्होल्टेज कमी, आणि तुम्हाला दुपारी मल्टिमीटरवर २२५ व्होल्ट दिसतात. दोन्ही खरं असू शकतं. एसी बंद असताना मोजलेल्या २२५ वरून काहीच ठरत नाही.

रात्री आजूबाजूचे एसी सुरू झाले की एसीच्याच सॉकेटवर मोजा: एसी बंद असताना, कॉम्प्रेसर लागतो त्या क्षणी आणि दहा मिनिटं चालल्यावर. मधला क्षण साध्या मल्टिमीटरवर निसटतो, म्हणून मिन-मॅक्सवाला (सगळ्यात कमी-जास्त आकडा धरून ठेवणारा) मीटर असलेला वायरमन बोलवा. हा कॉम्प्रेसर चालताना ७-८ अँपिअर घेतो, सुरू होताना त्याच्या चार-पाच पट. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १८० व्होल्टला तो २३० च्या मानाने जेमतेम ६१ टक्के उरतो. मग कॉम्प्रेसर नुसता घूं करतो, ओव्हरलोड (त्याचा संरक्षक स्विच) वीज तोडतो, थंड झाला की पुन्हा तेच. वाइंडिंग (मोटरमधली तांब्याच्या तारेची गुंडाळी) भाजतं ते यात.

आता हेच माप घराच्या वीजमीटरपाशी घ्या. तिथेही तितकंच पडत असेल तर महावितरणकडे लेखी तक्रार करा. मीटरला २२० आणि सॉकेटला २०५ असेल तर दोष घरातला. २.५ चौरस मिमी तांब्याच्या २० मीटर वायरीत ८ अँपिअरला दोन-अडीच व्होल्टच पडायला हवेत. १५ पडतात म्हणजे कुठेतरी सांधा सैल आहे आणि तिथे सुमारे १०० वॅट उष्णता होतेय. एमसीबीचा स्क्रू, सॉकेटची तपकिरी पडलेली पिन, न्यूट्रल लिंक (बोर्डात न्यूट्रल वायरी जोडतात ती पट्टी) बघा. हे न सुधारता स्टॅबिलायझर लावलात तर तो बूस्ट करताना लाईनमधून आणखी करंट ओढेल, सांधा जास्तच तापेल. आणि दिवे कधी मंद, कधी भगभगीत होत असतील, व्होल्टेज २६०-२७० वर जात असेल, तर न्यूट्रल सुटलाय. मेन बंद करा, स्वतः हात लावू नका.

हे सगळं ठीक निघालं तर मात्र मेकॅनिकच्या कामाकडे बघा. माझा संशय तिथेच जास्त. वाइंडिंग जळलं की तेलात आम्ल होतं. गॅसची लाईन फ्लश न करता (आतून धुऊन न घेता), फिल्टर ड्रायर (ओल आणि कचरा धरणारी गाळणी) न बदलता नवा कॉम्प्रेसर बसवला की तेच आम्ल त्याचं वाइंडिंग खातं. व्हॅक्यूम पंप न लावता गॅसने हवा 'उडवून' दिली असेल तर आत ओलही राहते. जुना रन कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला आणि चालायला मदत करणारा डबा) तसाच ठेवलाय का तेही विचारा. छापील मायक्रोफॅरडपेक्षा ५-६ टक्क्यांहून कमी भरला तर बदलायचा, किंमत कॉम्प्रेसरपुढे किरकोळ.

तिसरा कॉम्प्रेसर बसवण्याआधी जुना नेमका कशाने गेला ते मोजून घ्या: सी, आर, एस (कॉमन, रन, स्टार्ट) टर्मिनलमधला रेझिस्टन्स आणि बॉडीशी मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावून. वाइंडिंग शाबूत पण कॉम्प्रेसर जाम असेल, तर व्होल्टेजआधी तेल आणि गॅसचं वजन तपासा. लाईट गेली-आली की लगेच सुरू होऊ नये म्हणून तीन मिनिटांचा टाइम डिले हवाच.