जुन्या फोटोतला आगीचा बंब कोणत्या कंपनीचा आणि कधीचा, हे कसं ओळखायचं?

फोटोखाली कुणी 'बेडफोर्ड' लिहिलंय म्हणून ती गाडी बेडफोर्ड होत नाही. तुम्ही लिहिलंय की आजोबा नगरपालिकेच्या बंबाला टेकून उभे आहेत, गाडी बॉनेटची आहे, नंबरपाटी अर्धी दिसते आणि मागे पेनाने 'बेडफोर्ड, साल ६५' असं लिहिलंय. ते लिहिणारा माणूस गाडीवर काम करणारा होता का, हे आधी विचारा. माझे वडील, अण्णा, सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत सत्तावीस वर्षं बंबावर ड्रायव्हर होते. त्यांच्या गाडीच्या फोटोखालीही छापील अक्षरांत 'बेडफोर्ड' आहे, आणि ते चूक आहे.

मुळात बंब म्हणजे एकात दोन गाड्या. चेसी, म्हणजे इंजिन-चाकांसकटचा खालचा सांगाडा, एका कंपनीची, वरची बॉडी, टाकी आणि पंप दुसऱ्याने बसवलेला. त्यामुळे साल सांगताना कशाचं साल ते सांगा. चेसी आधी यायची, बॉडी बांधून गाडी पालिकेच्या दारात यायला वेळ जायचा. पंपाजवळ बांधणाऱ्याची पट्टी असते, तिच्यावरचं साल वेगळं आणि आरसी बुकावरचं वेगळं निघू शकतं. दोन्ही खरी असतात.

आता अण्णांची गाडी. ती टाटा-मर्सिडीज होती. टेल्को (टाटांची ट्रक बनवणारी कंपनी) आणि मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेंझचा करार १९५४चा, तो १९६९ला संपला. तोवर टाटाच्या ट्रकच्या समोरच्या जाळीवर मर्सिडीजची तीन पात्यांची चांदणी असायची, नंतर तिथे टाटाचा 'टी' आला. बेडफोर्डच्या नाकावर चांदणी कशी असेल? तिथे इंग्रजी अक्षरांत नाव असायचं. तुमच्या फोटोत पहिल्यांदा हीच जागा बघा.

आमच्याकडे नेमकी तीच जागा दिसत नाही. आमचा एकुलता एक फोटो खंडेनवमीचा. बंब धुऊन पुसून उभा, पितळी घंटा चिंचेने घासून लख्ख केलेली, बॉनेटवर उसाची दोन वाढी बांधलेली, आणि जाळीवर झेंडूचा हार इतका जाड की मागचं काही कळत नाही. हाच फोटो पालिकेने स्मरणिकेत छापला. ओळ माझ्या थोरल्या भावाने दिली होती. दादाला मी तेव्हाच म्हटलं, ही चूक आहे. तो म्हणाला, "तू तेव्हा चड्डीत होतास, तुला काय आठवतंय?"

मला काय आठवतंय ते सांगतो. थंडीत रात्रपाळी असली की मी अण्णांचा डबा घेऊन अग्निशमन केंद्रावर जायचो आणि कधी कधी तिथेच झोपायचो. अण्णा रात्रीतून तीन वेळा उठून गाडी चालू करायचे. डॅशबोर्डवर एक खटका होता. तो अर्धा ओढून धरायचा, मग छोट्या जाळीमागची तार हळूहळू लाल व्हायची. ती लालभडक झाली की खटका पूर्ण ओढायचा आणि इंजिन धडधडायला लागायचं. अंधारात अण्णांच्या बोटांवर तो लाल उजेड पडायचा. मी विचारलं, रोज तीनदा कशाला? म्हणाले, "आगीची वर्दी आल्यावर ही तार तापायची वाट कोण बघणार? लोकांचं घर जळत असतं."

ही तार म्हणजे डिझेल इंजिनाचा हीटर तापल्याची खूण. थंड इंजिनात डिझेल सहज पेट घेत नाही, म्हणून अशा इंजिनात आधी आतली कांडी तापवावी लागते. पेट्रोलच्या गाडीला असलं काही नसतं. आणि दादा ज्या बेडफोर्डचं नाव घेतो ती शेजारच्या गावाची, पेट्रोलवरची. एकदा एप्रिलमध्ये कडब्याच्या गंज्या पेटल्या तेव्हा ती मदतीला आली होती. दोन्ही बंब विहिरीपाशी उभे होते. पाणी इतकं खोल गेलेलं की सक्शनचा पाइप आत सोडूनही पंप पाणी धरेना. साधारण सात मीटरच्या खालचं पाणी कोणताही पंप ओढत नाही, तिथे गाडीच्या नावाचा काही उपयोग नसतो. अण्णांनी तीन खेपा कॅनॉलवरून टाकी भरून आणली. दादा त्या दिवशी बघायला आला होता. त्याच्या डोळ्यांसमोर तीच दुसरी गाडी राहिली असणार.

पुढे बंब लिलावात निघाला आणि वजनावर भंगारात गेला. घंटेसकट. अण्णांना कुणी कळवलंसुद्धा नाही. दर १४ एप्रिलला याच गाडीला हार घालून, १९४४च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या अग्निशमन दलाच्या ६६ जवानांना मानवंदना द्यायचे. त्या गाडीची निदान घंटा तरी ठेवायला हवी होती, हे मी आजही म्हणेन.

तुमच्या नंबरपाटीबद्दल: 'एमएच-११' अशी, राज्याची दोन अक्षरं आणि मग आकडा, ही पद्धत १९८९ला आली. अर्ध्या पाटीवर तीन अक्षरं सलग दिसत असतील तर नोंदणी त्याआधीची, एवढंच त्यावरून कळेल. गावात जुनी गाडी अजून उभी असेल तर आधी तिकडे जा, पट्टीचा आणि चेसी नंबरचा फोटो काढा. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि पालिकांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी रद्द होते, म्हणजे उभ्या आहेत त्याही फार दिवस राहणार नाहीत.

आणि माणसं शोधा. केंद्रावरच्या जुन्या लोकांना 'कोणती कंपनी' असं विचारू नका, सगळे वेगवेगळं सांगतील. गाडी कशी चालू करायची, दसऱ्याला काय काय घासायचं, असं विचारा. अण्णांबरोबर काम केलेले एक फायरमन काका मागच्या वर्षी भेटले. मी गाडीचं नाव काढलं नाही, फक्त दसऱ्याचं विचारलं. ते म्हणाले, "घंटा तुझ्या वडलांकडे. मी पुढची चांदणी पुसायचो, रॉकेलच्या फडक्याने." दादा, वाचत असशील तर ऐक.

एक सांगायचं राहिलं. बेडफोर्ड डिझेलमध्येही यायच्या, त्यामुळे नुसत्या हीटरवरून निकाल लावू नका, चांदणीची खात्री हवीच. शिवाय जाळी अपघातात बदललेली असू शकते. तुमच्या फोटोत आजोबांच्या डाव्या बाजूला पंपाचा कप्पा उघडा दिसत असेल, तर तेवढाच भाग मोठा करून इथे टाका.